उपाशी राहून नव्हे, ताट बदलून

(भोर आणि वेल्हे भागातल्या महिला गटांसाठी सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

हिरडस मावळातल्या, वेळवंड खोऱ्यातल्या, गुंजवणीकाठच्या, पानशेतकडच्या सगळ्या आयाबहिणींना माझा नमस्कार. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण आपल्या तोंडात अजून वेल्हंच बसलंय, म्हणून मीही तसंच म्हणते.

मी नर्सबाई म्हणून बरीच वर्षं उपकेंद्रात काम केलं. आता घरी असते, शेती बघते आणि गावातल्या बचत गटात असते. आज मी वजनाविषयी बोलणार आहे. वजन वाढल्याचं, आणि ते उतरवायचं कसं याचं. सुरुवात घरातल्याच गोष्टीनं करते. माझ्या धाकट्या जावेची गोष्ट आहे आणि तिला विचारूनच सांगतेय. ती म्हणाली, "आक्का, सांगा. माझ्यावरनं चार जणी शहाण्या झाल्या तर बरंच आहे."

जाऊ शेहेचाळीस वर्षांची. उंची पाच फूट, वजन ७१ किलो. गुडघे दुखायला लागले म्हणून दवाखान्यात गेली, तर डॉक्टर म्हणाले, साखर काठावर आहे, वजन कमी करा. कसं करा ते काही सांगितलं नाही, आणि बाहेर रांग होती म्हणून हिनंही विचारलं नाही. घरी आली आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळची न्याहारी बंद, रात्रीचं जेवण बंद. त्यातच कुणीतरी एक पावडरीचा डबा दाखवला. जेवणाऐवजी ही प्या, महिन्यात दहा किलो उतरेल. डबा तीन हजारांचा. गटातून उचल घेतली आणि डबा घरात आला. मला पत्ता नाही.

सहा आठवड्यांत सहा किलो उतरलं. ती खूश, बाकीच्या विचारायला लागल्या. आणि आषाढात, लावणी चालू असताना, चिखलात वाकलेली बाई तिथंच खाचरात बसली ती उठेना. डोळ्यांपुढं अंधार. दोघींनी धरून बांधावर आणली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.९. बाईचं किमान १२ असावं लागतं.

आता सहा आठवड्यांत एवढं रक्त कमी होत नाही. ते आधीपासूनच कमी होतं. पाळीत अंगावरून जास्त जायचं, ते तिनं कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. वर उपाशी राहिली, तेव्हा होतं नव्हतं ते त्राणही गेलं. पण माझ्या मनाला लागलं ते वेगळंच. घरात नर्स असून, अंगानं जाडजूड दिसणाऱ्या या बाईच्या अंगात रक्त नाही, हे मला कधी दिसलं नाही. मीसुद्धा तिला "खात्यापित्या घरची" म्हणून हसत होते.

मैत्रिणींनो, ही एकटीची गोष्ट नाही. सरकार दर काही वर्षांनी देशभर कुटुंबांची आरोग्य पाहणी करतं. २०१९ ते २०२१ मधल्या पाहणीत आपल्या महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे सुमारे २३ जणींचं वजन जास्त निघालं, सुमारे २१ जणी गरजेपेक्षा बारीक निघाल्या, आणि ५४ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे रक्त कमी असणाऱ्यांत बारीक आहेत तशा जाडही आहेत. अंगावर चरबी आहे म्हणजे अंगाला सगळं मिळतंय, असा अर्थ होत नाही.

हे आपल्याच जिल्ह्यात फार बारकाईनं पाहिलं गेलंय. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयांचा आणि बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधली बाळं साडेतीन किलोची. आपली बाळं लहान, हडकुळी. पण मोजल्यावर कळलं की त्यांच्या अंगात मांस कमी होतं, चरबी मात्र त्या मानानं फारशी कमी नव्हती. वरून बारीक, आतून चरबी. अशी बाळं मोठी होऊन भरपूर भातपोळी आणि बसकं काम करायला लागली की पोटाभोवती चरबी लवकर साठते आणि साखर लवकर मागे लागते. म्हणून आपल्याला वजनकाट्याइतकीच कमरेची टेप महत्त्वाची.

टेप कशी लावायची ते सांगते. शिलाई मशीनजवळची टेप घ्या. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड, यांच्या मधोमध टेप फिरवा. पोट आत ओढायचं नाही, श्वास सोडून मोजायचं. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी, म्हणजे साडेएकतीस इंच. त्याच्या पुढे असेल तर साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. वय तीसच्या पुढे असेल तर आपल्या उपकेंद्रात, आरोग्य केंद्रात ही तपासणी फुकट होते. वजनाचं म्हणाल तर पाच फूट उंचीच्या बाईला साधारण ४३ ते ५३ किलो बरं. ५८ च्या वर गेलं की ते लठ्ठपणात धरतात.

आता हे वजन वाढलं कशानं? कुणी म्हणतं बायका आळशी झाल्या. मला हे मान्य नाही. पहाटे उठून रात्री शेवटी पाठ टेकणारी बाई आळशी कशी? पण कामाची जात बदलली. माझी सासू जात्यावर दळायची, उखळात कांडायची, विहिरीवरून तीन-तीन हंडे आणायची, जळणाला डोंगर चढायची. ती एका वेळी तीन भाकरी आणि ताटभर भात खायची आणि अंगावर काही दिसायचं नाही. आज गिरणी आली, नळ आला, गॅस आला, मिक्सर आला. चांगलंच झालं, कुणाला ते दिवस परत नकोत. पण ताट मात्र सासूच्या वेळचंच राहिलं. भाताचा डोंगर तोच आणि कष्ट निम्मे.

दुसरं कारण म्हणजे ताटात काय आहे. रेशनवर आता गहू-तांदूळ फुकट मिळतो. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदयवाल्यांना घरटी ३५ किलो. त्यानं घराला मोठा आधार आहे. पण फुकट मिळतो तो गहू आणि तांदूळ. डाळ आणि भाजी विकतची. म्हणून काय होतं? पोट भरायला भात आणि चपाती, आणि त्यावर ओतायला पाण्यासारखी आमटी. सहा माणसांच्या आमटीत एक वाटी डाळ. पिठूळ तेवढं पोटात जातं, आणि ज्यानं मांस आणि रक्त होतं ते जात नाही.

तिसरं कारण सांगते, ते आपण कुणी बोलत नाही. बाई सगळ्यात शेवटी जेवते. डाळीचा तळ, भाजीचा रस्सा आणि खरवडीचा भात तिच्या वाट्याला. वर लेकरानं टाकलेली अर्धी चपाती, नातवानं ठेवलेली बिस्किटं, सकाळचा उरलेला भात, हे वाया जाऊ नये म्हणून तिच्याच पोटात. मैत्रिणींनो, आपलं पोट म्हणजे उरलंसुरलं टाकायचा हौद नाही. अन्नाचा मान राखायचा तर शिजवतानाच कमी शिजवा. माझ्या जावेनं पहिला बदल केला तो हाच. रोजच्या तांदळातून एक मूठ कमी घ्यायला लागली आणि डाळीत एक मूठ वाढवली. आणि सगळ्यांना वाढतानाच स्वतःचं ताट वाढून झाकून ठेवायला लागली. पहिल्या दिवशी सासूबाई बघत राहिल्या. चार दिवसांनी त्याच म्हणाल्या, "हिचं ताट आधी काढा गं, नायतर परत बांधावर बसायची."

आता ताट कसं वाढायचं ते सांगते. ताटाचे मनातल्या मनात दोन भाग करा. अर्ध्या ताटात भाजी, पालेभाजी, काकडी, मुळा, कांदा, टोमॅटो. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. एकात घट्ट डाळ, उसळ, पिठलं किंवा अंडं. दुसऱ्यात भाकरी किंवा भात. एका वेळी एक मध्यम भाकरी, नाहीतर एक वाटी शिजलेला भात. दोन्ही एकदम नको. आपल्याकडे चपाती खाऊन झाल्यावर "आता थोडा भात घे" म्हणायची पद्धत आहे. हे दुसरं जेवणच असतं.

राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराचे नियम पुन्हा लिहिले. त्यातही हेच आहे. दिवसाच्या अन्नातून मिळणाऱ्या ताकदीतला निम्म्याहून कमी भाग धान्यातून यावा, आणि डाळी-कडधान्यं, भाजी, फळं, दूध यांतून बाकीचा. आपल्याकडे बऱ्याच घरांत धान्यच तीन हिस्से असतं.

प्रथिनांचं गणित एकदा समजून घ्या, फार सोपं आहे. ५५ किलोच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन भाकऱ्या आणि वाटीभर भात यांतून १५ ग्रॅमच्या आसपास येतात. दोन मोठ्या मुठी डाळ किंवा कडधान्य, म्हणजे कोरडी ६०-७० ग्रॅम, यातून आणखी १५. मूठभर शेंगदाणे पाच. वाटीभर दही किंवा दूध पाच-सहा. एक अंडं सहा. झाले की! यासाठी डबा लागत नाही. त्या तीन हजारांत आमच्या घरात किती महिन्यांची डाळ-उसळ आली असती, याचा हिशोब जावेनं नंतर गटाच्या बैठकीत स्वतःच करून दाखवला. सगळ्या गप्प झाल्या.

आता आपल्या मातीत काय आहे ते बघा. डोंगरउतारावरची नाचणी आणि वरई, भाताच्या खाचरात भात निघाल्यावर मागनं येणारा पावटा आणि हरभरा, हुलगा, कारळे. नाचणीविषयी एक खरं सांगते. हल्ली सगळे सांगतात नाचणीनं वजन उतरतं. नाचणी आणि तांदूळ, दोन्हीतली ताकद जवळपास सारखीच. नाचणीच्या चार भाकऱ्या खाल्ल्या तर वजन वाढणारच. मग नाचणी का खायची? तिच्यात चोथा असतो, एका भाकरीत पोट भरतं आणि लवकर भूक लागत नाही. शिवाय तिच्यात कॅल्शियम भरपूर असतं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, तांदळात जेमतेम दहा. चाळिशीनंतर आपली हाडं ठिसूळ व्हायला लागतात, त्यांना हे लागतं.

हुलगा तर गरिबाचा मोठा आधार. १०० ग्रॅममध्ये २० ग्रॅमच्या वर प्रथिनं. आपण तो बैलाला घालत आलो आणि स्वतः बिस्किटं खातो. हुलग्याचं माडगं कसं करायचं ते ऐका. हुलगे भाजून गिरणीतून दळून आणा. चौघांना चार मोठे चमचे पीठ, ते थंड पाण्यात कालवून गुठळ्या मोडा. पातेल्यात एक चमचा तेल, जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, त्यावर चार-पाच पेले पाणी. उकळी आली की कालवलेलं पीठ ओता, मीठ घाला आणि दहा मिनिटं ढवळत शिजवा. उतरवल्यावर कोथिंबीर. पावसाळ्यात रात्री हे वाटीभर आणि सोबत अर्धी भाकरी आणि भाजी. पोट शांत राहतं.

न्याहारीला मुगाची धिरडी. एक वाटी हिरवे मूग रात्री भिजत घाला. सकाळी मिरची, आलं, लसूण घालून वाटा. त्यात अर्धी वाटी नाचणीचं पीठ, चिरलेला माठ, मेथी किंवा शेवग्याचा पाला, मीठ, लागेल तसं पाणी. तव्याला तेलाचा नुसता हात फिरवून धिरडी घाला. एका बाईला दोन पुरतात. वर चमचाभर कारळ्याची चटणी. कारळे तेलबी आहे, म्हणून चमचाभरच.

पालेभाजीला पैसे पडतात असं म्हणू नका. पावसात बांधाबांधावर टाकळा, कुर्डू, भारंगी, तांदुळजा उगवतो. शेवगा परसात एकदा लावला की वर्षानुवर्षं पाला देतो. जी भाजी आपल्या आज्यांनी ओळखून खाल्ली तीच खुडा, अनोळखी पाला आणू नका, आणि औषध फवारलेल्या शेताच्या कडेची भाजी तर नकोच. पालेभाजीवर लिंबू पिळा, त्यानं तिच्यातलं लोह अंगाला लागतं. आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नका, त्यानं तेच लोह वाया जातं. तासभर तरी जाऊ द्या.

ज्यांच्या घरी चालतं त्यांनी आठवड्यातून तीन-चार अंडी खावीत. कधी धरणातला ताजा मासा, कधी भाजलेली सुकट. फक्त तळून नको, तव्यावर किंवा रश्शात. माळकरी घरांत दही, ताक, सोयाबीनच्या वड्या आणि कडधान्यं यांवरही उत्तम भागतं.

आता काय कमी करायचं? तीनच गोष्टी धरून ठेवा.

पहिली चहातली साखर. आपल्याकडे पाच वेळा चहा होतो. आल्या-गेल्याबरोबर होतो, त्याला नाही म्हणता येत नाही, मला माहीत आहे. कपाला दोन चमचे साखर धरली तर दिवसाचे दहा चमचे, म्हणजे ५० ग्रॅम. महिन्याला एकट्या बाईच्या पोटात दीड किलो साखर! गूळ घातला म्हणून सुटका नाही, ताकद जवळपास तेवढीच. चहा दोन वेळचा करा, साखर दर आठवड्याला अर्धा चमचा उतरवा. जीभ महिन्याभरात शिकते.

दुसरी तेल. एक मोठा चमचा तेल म्हणजे अर्ध्या भाकरीहून जास्त ताकद, आणि ती दिसत नाही. माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर पुरे. घरात चार मोठी माणसं असतील तर दोन ते तीन लिटर. महिन्याच्या पहिल्या तारखेला तेवढं वेगळ्या किटलीत काढून ठेवा आणि त्यातच भागवा. कालवण उकळलं की वर तेलाचा तवंग दिसलाच पाहिजे, ही समजूत सोडायची. पिशवीतून तेल ओतायचं नाही, चमच्यानं मोजून घालायचं.

तिसरी पुड्या आणि बिस्किटं. फरसाण, वेफर्स, चहासोबतचा खारी-टोस्ट. पाच रुपयाला पुडी मिळते म्हणून स्वस्त वाटते, पण महिन्याची बेरीज करा. त्याच पैशात शेंगदाणे आणि फुटाणे येतात. चार वाजता भूक लागली की मूठभर फुटाणे, एखादा पेरू, नाहीतर हंगामातली करवंदं, जांभळं.

उपवासाचंही बोलते. उपवास करू नका असं मी म्हणणार नाही. पण साबुदाण्यात पिठूळाशिवाय जवळजवळ काही नाही. त्यात तेल-तूप, बटाटा, आणि संध्याकाळी परत वडे. त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्तच पोटात जातं. त्यापेक्षा आपल्याच वरईची भगर वाटीभर, शेंगदाण्याची आमटी, ताक, राजगिरा, एखादं उकडलेलं रताळं. देवही तोच आणि उपवासही तोच.

पूर्ण दिवस कसा दिसतो ते एकदा सांगते. सकाळी कमी साखरेचा चहा. आठ-साडेआठला दोन धिरडी किंवा एक भाकरी आणि उसळ. दुपारी एक भाकरी, मोठी वाटी पालेभाजी, वाटीभर घट्ट आमटी किंवा उसळ, काकडी-कांदा, पेलाभर ताक. चारला फुटाणे किंवा फळ. रात्री शक्यतो आठच्या आत एक वाटी भात, नाहीतर अर्धी-एक भाकरी, सोबत माडगं किंवा वरण आणि भाजी. इंद्रायणीचा वास आल्यावर एका वाटीवर थांबणं अवघड आहे, मान्य. म्हणून आधी भाजी आणि डाळ खा, भात शेवटी घ्या. पोट अर्धं भरलेलं असलं की हात आपोआप आखडतो.

आणि लावणीच्या, कापणीच्या दिवसांत हा हिशोब बदलायचा. दिवसभर चिखलात वाकणाऱ्या बाईनं भाकरी वाढवायची, डाळ वाढवायची, न्याहारी केल्याशिवाय शेतावर जायचंच नाही. वजन उतरवायचं काम उन्हाळ्यात, हिवाळ्यात करा.

किती उतरावं? आठवड्याला पाव ते अर्धा किलो. त्याहून जास्त वेगानं उतरलं तर चरबीबरोबर मांस जातं, आणि खाणं पूर्ववत झालं की वजन परत येतं, मांस मात्र तितकं येत नाही. शंभरातलं पाच टक्के वजन उतरलं तरी साखर आणि रक्तदाबात फरक पडतो. ७१ किलोच्या बाईला साडेतीन किलो. एवढं तर जमेल ना? सोबत रोज अर्धा तास पाय उचलून चाला. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर बसून दहा वेळा उठा-बसा, हळूहळू. त्यानं मांडीत बळ येतं आणि गुडघ्यावरचा भार कमी होतो.

आता कुणी वजन उतरवायला जाऊ नये तेही ऐका. पोटुशी बाई, अंगावर पाजणारी आई, वाढत्या वयाच्या मुली, यांनी नाही. ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इंजेक्शन चालू आहे त्यांनी जेवण सोडायचं नाही. साखर एकदम खाली जाऊन जिवावर बेततं. ताटात बदल करायचा तर आधी डॉक्टरांना सांगा. आणि काही न करता वजन उतरत असेल, सोबत खोकला, ताप, सारखी तहान असेल, तर आनंद मानू नका, तपासून घ्या. पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर लपवू नका. आशाताईला सांगा, नर्सबाईला सांगा. वजन उतरवायला सुरुवात करण्याआधी एकदा हिमोग्लोबिन बघून घ्या. आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या मिळतात, त्या चुलीमागं ठेवायला नसतात.

माझ्या जावेचं पुढं काय झालं? आधी रक्ताचं औषध, पाळीचा उपचार. उपाशी राहून उतरलेल्या सहा किलोंतले चार परत आले, तेव्हा ती रडली. मग ताट बदललं. वर्ष लागलं. आज वजन ६४ आहे, कंबर ९६ वरून ८८ वर आली आहे, हिमोग्लोबिन ११.४. अजून ८० ची टेप लांब आहे, आणि बारा व्हायलाही थोडं बाकी आहे. पण या आषाढात तिनं पुरी लावणी केली. दुपारी बांधावर भाकरी सोडून ती सगळ्यांत आधी बसली, आणि तिच्या फडक्यात दोन भाकऱ्या, हुलग्याची उसळ आणि अख्खा कांदा होता. गटाची उचलही फिटली.

आता एक काम देते. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीच्या वहीशेजारी एक टेप ठेवा. हप्ता भरला की कंबर मोजा आणि आपल्या आपल्या वहीत लिहा, दुसरीची बघायची नाही, कुणाला हसायचं नाही. आणि त्या महिन्यासाठी चारच गोष्टी ठरवा: तांदळाची एक मूठ कमी, डाळीची एक मूठ जास्त, चहातली साखर निम्मी, आणि आपलं ताट आधी वाढून ठेवायचं. महिन्यानं परत टेप लावा.

आज रात्री स्वयंपाक कराल तेव्हा सुरुवात शेवटच्या गोष्टीपासूनच करा. सगळ्यांची ताटं वाढताना आपलंही वाढा. भाजी अर्धं ताट, डाळ घट्ट. झाकून ठेवा.